चाळीस पावलं, निंबापासून पूर्वेला

जमादार, आज तुमचा दहावा झाला. ओढ्याच्या काठाला मंडप टाकला होता, तरी खुर्च्या कमी पडल्या. सरपंच बोलले, तुमच्या जोडीनं नोकरी केलेले एक म्हातारे फौजदार बोलले, आणि तुमच्या भावकीतला तो पुढारी गाडीतून उतरून बोलला अन् लगेच गाडीत बसून गेला. सगळ्यांच्या तोंडी एकच, देवमाणूस होता. तुमच्या मुलानं, रवीनं, माईक माझ्यापुढं धरला. "बाई, तुमी दोन शब्द बोला. दादा शेवटाला तुमचंच काम करीत व्हते." मी मान हलवून नको म्हटलं. दोन शब्द माझ्याकडं होते, पण ते मंडपात बोलण्यासारखे नव्हते. निघताना रवीनं घडी घातलेला एक कागद हातात दिला, तुमच्या उशाखाली सापडलेला. तो मी घरी येऊन वाचला आणि लिहायलाच बसले. कागदाचं शेवटी बोलते. आधी माझं ऐका. सहा वर्षं तुम्ही मला मधेच तोडत आलात, आता ती सोय राहिली नाही.

पहिलं सांगून टाकते, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मेलात म्हणून करायचं असं काही मला मंजूर नाही. आणि मरायला तरी वेळ कसली शोधलीत! गुरुवारी तहसीलदारांसमोर उभं राहून जागा दाखवायची होती. खोदाईची दुसरी परवानगी, आणि शेवटची. ती जागा अख्ख्या जगात एकट्या तुम्हाला ठाऊक. आणि तुम्ही सोमवारी पहाटे उठलात, छातीत कळ आली म्हणालात, पाणी मागितलंत आणि मोकळे झालात. रवीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं सांगू? "अगं बाई, आता जागा कोण दाखवणार?" त्याच्यापुढं मला लाज वाटली. तुमच्यासाठी मात्र डोळ्यातून टिपूस आलं नाही.

जागा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कांताला, जिथं पुरलं ती. तेहतीस वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या विहिरीत बाईचं प्रेत तरंगलं. गळ्यावर वळ होते. पंचनामा तुम्ही लिहिला, आणि तो आता मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. 'अंदाजे पंचवीस वर्षे वयाची अनोळखी स्त्री. बाहेरगावची असावी.' एकोणीस, जमादार! एकोणीसची होती ती. आणि बाहेरगावची कशानं हो? ती उसाचा फड सोडून घराकडं निघाली होती. तिची वाट आणखी दोन कोस उरली होती.

तुमचा हिशेब असा की तेव्हा गावात बाया होत्याच कुठं? दिवाळी झाली की आमच्याकडची गावं ऊसतोडीला जातात, पाडव्याला परत येतात. माय-बापही गेलेले, मी आज्जीजवळ. तुम्ही कपड्यांचं गाठोडं घेऊन चावडीत आलात ओळख पटवायला. चावडीत कोण? चार म्हातारे आणि शाळेतून सुटलेली पोरं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "सायेब, आमच्या समद्या बाया कारखान्यावर हायेत. ही आमची न्हाई." झालं, तुम्ही लिहून मोकळे. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना विचारलंत, आणि ज्यांना दिसत होतं त्यांच्यावर काठी उगारून ओरडलात, "पळा बे, पोरांचं काम न्हाई हे!"

पाडव्याला माय-बाप परत आले. कांताचा नवराही आला, दुसरीच बाई घेऊन. "पळून गेली तुमची पोरगी," म्हणाला. माझा बाप तुमच्या ठाण्यात आला. तीनदा आला. पाडव्यानंतर, मग वैशाखात, मग मिरगाच्या तोंडाला. तुम्ही त्याला पायरीखाली उभा केलात, वर कधी घेतलं नाहीत. का घेतलं नाहीत ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे आणि आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. मायनं त्याला शिकवून पाठवलेलं, ठिगळाचं सांगा. त्यानं तीनही वेळा सांगितलं, "सायेब, तिच्या झंपरच्या बगलेला निळं ठिगळ हाय. धाकटीच्या शाळेच्या फ्रॉकाचं. धाकटीनंच शिवलंय, पांढऱ्या दोऱ्यानं." आणि तुम्ही म्हणालात, "तुझी पोरगी हंगाम संपोस्तर कोयत्यावर व्हती बे. मुकादमाच्या वहीत हजेरी हाय तिची. आमचं प्रेत माघातलं. कसा मेळ लागावा?"

मेळ! अहो, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, हे या तालुक्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. जोडीतलं एक गेलं तर कोयता मोडतो, म्हणून मुकादमानं कांताच्या जागी दुसरी बाई उभी केली आणि वहीत नाव तेच चालू ठेवलं. माझी बहीण तुमच्या गाठोड्यात होती आणि वहीत ती रोज ऊस तोडत होती. तुम्हाला हे सुचलं नाही? की सुचायची गरज वाटली नाही? हा आपला सहा वर्षांचा वाद. तुम्ही म्हणायचात, सुचलं न्हाई. मी म्हणायची, गरज वाटली नाही. तो वाद तसाच ठेवून गेलात.

गाठोडं मागच्या खोलीत होतं, जमादार. बाप पायरीखाली उभा होता तिथून वीस हातांवर. गाठ सोडायला किती वेळ लागतो? पुढं अकरा वर्षं जगला तो. बाजारात कुणी उंच शिडशिडीत बाई दिसली की तिच्यामागं चालत जायचा. एकदा शिरूरच्या बाजारात एका बाईच्या नवऱ्यानं त्याला मारलं. घरी आला तर ओठ फुटलेला, आणि मायला म्हणाला, "मागून तशीच दिसत व्हती."

मग तुम्ही सत्तावीस वर्षांनी आलात. रिटायर व्हायच्या आधी जुना मुद्देमाल जाळून टाकायचा हुकूम आला, तुम्ही एकेक गाठोडं आगीत टाकत होतात, आणि एकाची गाठ सुटली. निळं ठिगळ, पांढरा दोरा. माझ्या बापाचे शब्द तुमच्या कानात सत्तावीस वर्षं पडून होते म्हणायचं. मी शाळेत पोरांना खिचडी वाढत होते. फाटकाजवळ तुम्ही टोपी हातात घेऊन उभे. "तुमी सखारामची धाकटी का?" मी हो म्हणाले. "तुमच्या बापानं सांगितलेलं ठिगळ घावलं, बाई." माझ्या हातात पळी होती. ती मी तुमच्या तोंडावर फेकून मारणार होते. पोरं ताटं घेऊन बघत होती म्हणून वाचलात.

तिथून आपली सहा वर्षं. लोकांना वाटायचं काय छान, पोलीस आणि मास्तरीण मिळून एका अभागी बाईला न्याय मिळवून देतायत. डोंबल! नवरा दारू पिऊन मेलेला, मुकादम म्हातारा होऊन मेलेला, तिच्यामागं विहिरीपर्यंत कोण आलं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. न्याय कुणाकडनं घ्यायचा? मला फक्त त्या कागदावरचं 'अनोळखी' खोडून हवं होतं. त्याला पुरावा हवा, पुराव्याला हाड हवं, आणि हाड तुम्ही पुरलेलं. बेवारस प्रेत जाळायचं नसतं, पुढं कुणी ओळखीचं आलं तर काढता यावं म्हणून पुरायचं असतं, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी ऐकवलंत, वर अभिमानानं. "मी उशाला बाटली बी ठिवायचो, बाई. आत चिठ्ठी, गुन्ह्याचा नंबर, तोंडाला लाख. ठाण्यात दुसरं कुणी करीत न्हवतं." मी म्हणाले, "जिवंत बाप दारात उभा होता त्याची चिठ्ठी केलीत का?" तुम्ही चहा बशीत ओतून पीत बसलात.

अर्ज लिहायला तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. माझा पहिला अर्ज चार पानांचा होता. तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि परत दिलात. "बाई, अर्जात रडायचं न्हाई. तारीख, नंबर, मागणी. रडलेलं सायेब वाचीत न्हाई." मला इतका राग आला की रात्रभर तळमळले, आणि सकाळी अर्ध्या पानाचा लिहिला. तो मंजूर झाला. रेकॉर्डच्या खोलीत तुम्ही तोंडाला उपरणं बांधून तीन दिवस बसलात, पंचनामा उंदरांच्या लेंड्यांखालून काढलात. तुमच्या त्या खटारा स्कूटरवर मागं बसून मी बीडला कितीदा गेले याची गणती नाही. वाकड्या गुडघ्यानं तुम्ही ती अशी चालवायचात की सायकली पुढं जायच्या. एवढं सगळं केलंत. पण केलंत ते कशासाठी, माझ्या बहिणीसाठी की स्वतःची झोप परत यावी म्हणून, हे मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "दोनी धरा की."

आणि माय! तिचं तर मला आजही कळत नाही. तिचं रक्त तपासणीला घेतलं त्या दिवशी तिनं तुम्हाला पिठलं-भाकर वाढली. वर ठेचा. मी आत भांडी आपटत होते, तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच. तुम्ही गेल्यावर मी तिच्यावर ओरडले, "यानं आपल्या माणसाला पायरीखाली उभं केलं, आणि तू याला जेवू घालतेस?" ती म्हणाली, "ह्यो आला तरी गं. बाकीचे कुठं आले?" तेव्हापासून मी तुमच्यापुढं भांडी आपटणं बंद केलं. बोलणं मात्र चालू ठेवलं.

उन्हाळ्यात पहिली खोदाई झाली. रस्त्याकडेचा जुना निंब रुंदीकरणात गेलाय, पण बुंध्याचा खोडका तसाच आहे, त्यावर दुमत नव्हतं. पंचनाम्यात स्पष्ट, 'निंबाच्या झाडापासून पूर्वेस चाळीस पावलांवर दफन केले.' पूर्वीचं गायरान, आता एकाची कापसाची पऱ्हाटी उभी असते तिथं. मालक आधीच कुरकुरत होता. दहा बाय दहाचा खड्डा, त्याहून हातभर जास्त नाही, अशी अट. तुम्ही काठी टेकत मोजलंत, थांबलात, म्हणालात हितं. खाली दगड निघाले. मग एक हाड निघालं. मी तोंडात पदर कोंबला. डॉक्टरांनी हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाले, बैलाचं आहे. मजूर हसले. तुम्ही मान खाली घालून उभे. तहसीलदार म्हणाले, साक्षीदाराच्या स्मरणशक्तीवर सरकारचा वेळ किती घालवायचा? पुन्हा परवानगी काढायला आपल्याला पाच महिने लागले. त्यांनी बजावूनच दिली, ही शेवटची.

म्हणून तुम्ही मरायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, मला नेलंत, गुरुवारच्या आधी एकदा मोजून बघू म्हणून. पुन्हा खोडक्याला पाठ लावलीत, पुन्हा काठी टेकत निघालात. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि थांबलात ते जुन्या बुजवलेल्या खड्ड्याच्या काठावर.

"हितंच हाय, बाई."

"इथं खड्डा झालाय की हो! दिसत नाही का?"

"चाळीसच हायेत. मी सोता मोजलेली. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

"मग काय उडून गेली ती? का तेही तुम्ही असंच लिहिलं होतंत, अंदाजे? अंदाजे पंचवीस, अंदाजे चाळीस?"

"आवाज कमी करा, बाई. मी खोटं लिवलेलं न्हाई."

आणि मग मी ते बोलले, जे सहा वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं. म्हणाले, "तुम्ही गाठोडं घेऊन चावडीत आलता, तेव्हा मी तिथं होते. बारा वर्षांची, सातवीत. ठिगळ शिवणारी मीच. काठी उगारून तुम्ही मला हाकललंत, जमादार. एकटी मी तिला ओळखू शकले असते आणि तुम्ही मला हाकललंत."

तुम्ही बांधावर बसलात. काठी पडली ती उचलली नाहीत. मग विचारलंत, "निळा फ्रॉक व्हता आंगात?" मी म्हणाले, निळाच, शाळेचा, दुसरा कुठला असणार. माझ्या घरापुढं स्कूटर थांबवली आणि म्हणालात, "बाई, इतके दिस कावून सांगितलं न्हाई?" मी म्हणाले, "तुम्हाला कशाला सांगू?" आणि दार लावून घेतलं. आपलं शेवटचं बोलणं ते. सोमवारी तुम्ही गेलात. लोक म्हणतात वय झालं होतं, साखर होती, बिडी होती. मला ठाऊक आहे काय होतं ते. त्याबद्दल मी तुमची माफी मागणार नाही, पण रोज सकाळी पहिलं तेच आठवतं.

बुधवारी राख सावडायला मी आले ती तुमच्यासाठी आले नाही. रवीला विचारायला आले होते, बापानं कुठं वही, नकाशा, काही ठेवलंय का. रवी राखेचं गाडगं घेऊन नदीकडं निघाला आणि बायका मागं राहिल्या. मला धावत जावं लागलं. चांगली धाप लागली. तुमचीच उंची, तुमचेच लांब पाय, ढांगा टाकत चाललेला. आणि मला एकदम चावडीत आलेला तो उंच पोलीस दिसला. तुम्ही तसे चालायचात हो! एकतीस वर्षांचे होतात तेव्हा. काठी टेकून फूट फूट सरकणारा म्हातारा तेव्हा कुठं होता?

जमादार, मी तिसरीला शिकवते. मोजमापाचा धडा दरवर्षी असतो. वर्गाची लांबी पावलांनी मोजायची, पोरांची एकवीस येतात, माझी तेरा येतात, मग मी फळ्यावर लिहिते, पावलाचं माप माणसागणिक बदलतं. मागच्याच महिन्यात लिहिलं होतं. आणि तहसीलदारापासून डॉक्टरापर्यंत शहाणी माणसं त्या खड्ड्याभोवती उभी असताना, मीही उभी असताना, एकाच्याही डोक्यात आलं नाही की पावलं चाळीसच आहेत, पाय म्हातारे झालेत. तुम्ही खरं सांगत होतात. मी तुम्हाला खोटारडा म्हणाले.

गुरुवारी तहसीलदारांनी फाईल बंदच केली होती. "साक्षीदार मयत. जागा कोण दाखवणार?" मी म्हणाले, साहेब, त्यांचा मुलगा चालेल. ते म्हणाले, मुलगा तेव्हा जन्मला तरी होता का? मी पावलांचं समजावलं, तिसरीच्या पोरांना समजावते तसंच. ते मालकाकडं बघायला लागले, मालक आभाळाकडं. शेवटी म्हणाले, चला, आलोच आहोत.

रवी खोडक्याला पाठ लावून उभा राहिला. सुतकातलं पोर, डोळे सुजलेले. "बाई, कसं चालू?"

"घाई असल्यासारखं चाल. तुझ्या बापाला तेव्हा लई घाई असायची."

मी मोठ्यानं मोजलं. चाळिसाव्याला तो जुन्या खड्ड्याच्या कितीतरी पुढं, पऱ्हाटीच्या पंधरा-सोळा ओळी ओलांडून उभा होता. छातीइतकं खोल गेल्यावर मजुराच्या फावड्याला काच लागली. तपकिरी, औषधाची बाटली. तोंडावरची लाख अजून लालच होती. तहसीलदारांनी स्वतः फोडली. चिठ्ठी पिवळी पडलेली, पण तुमचं ते उजवीकडं कललेलं अक्षर कुणीही ओळखलं असतं. नंबर, गावाचं नाव, अनोळखी स्त्री. रवी बांधावर बसून हुंदके देऊन रडला. मग डॉक्टर खाली उतरले आणि मला कुणीतरी मागं नेलं.

आता तपासणीचा कागद यायचाय, पण मायला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, सापडली. तिनं हात जोडले, बुद्धाच्या फोटोकडं बघितलं, मग विचारलं, "जमादाराला सांगितलंस का?" मी म्हणाले, तो मेला की गं माय. ती म्हणाली, "म्हनून काय झालं? सांग त्याला." तर सांगितलं. सापडली, जमादार. तुमच्या चाळिसाव्या पावलावर होती.

आता तुमचा कागद. गुरुवारी द्यायचा जबाब तुम्ही आधीच लिहून ठेवला होतात तर. 'मयताचे वडील सखाराम हे माझेकडे तीन वेळा आले. त्यांनी ठिगळाची खूण सांगितली. मी नोंद घेतली नाही व त्यांस पायरीवर येऊ दिले नाही.' सहा वर्षं मी याच ओळीसाठी भांडले, तुम्ही म्हणायचात यानं केस बिघडेल. लिहिलीत शेवटी. आणि तिच्याखाली दुसऱ्या शाईनं, अक्षर थरथरलेलं, शनिवारनंतरचं असणार: 'मयताची धाकटी बहीण, वय बारा, चावडीवर हजर होती. मी तिला कपडे पाहू दिले नाहीत. तिने पाहिले असते तर ओळख त्याच दिवशी पटली असती. यात तिचा काही दोष नाही.'

जमादार, यातली 'तिने पाहिले असते तर' ही ओळ चुकली आहे.

मी पाहिलं होतं. तुम्ही झंपर उलगडून एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढं धरलंत, मी खांबामागं होते, आणि बगल माझ्याकडं होती. निळं ठिगळ. पांढरा दोरा, शेवटी माझी दुहेरी गाठ, ती मी अशी बांधली होती की कांता हसली होती, म्हणाली होती, बैल बांधायचाय का गं? मी पाहिलं, ओळखलं, आणि त्यानंतर तुम्ही वळून ओरडलात. सगळ्यांत आधी पळाले ती मी. शाळेच्या मागं जाऊन बसले. मला वाटलं, मी सांगितलं तर ती मेली. मी गप्प राहिले तर ती कारखान्यावर आहे, ऊस तोडतेय, पाडव्याला येईल. मुकादमानं तिची हजेरी वहीत लावली, मी माझ्या मनात लावली. पाडवा आला, बाप ठाण्याला निघाला की दारात थांबून विचारायचा, "ठिगळ कोनत्या रंगाचं म्हनलीस गं?" मी म्हणायची, निळं. तीनही वेळा. आणि पुढं काही बोलायची नाही.

उद्या तुमचा जबाब तहसीलला द्यायचाय. त्याला मी माझा जोडते. अर्ध्या पानाचा, न रडता, तुम्ही शिकवलंत तसा. पण त्याच्या आधी आत जाऊन मायला सांगायचंय. ती शेंगा फोडत बसलीय, मघापासून दोनदा विचारलं, एवढं काय लिहितेस म्हणून. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चला बाई, मी येतो संगं," आणि मी म्हणाले असते, काही गरज नाही. गरज होती, जमादार.